सहीच्या आधी

दर्शनाने गच्चीवरच्या शेवटच्या एसीचं झाकण काढलं आणि पिशवीतून तपासणीचा मीटर बाहेर काढला.

"आता ते कशाला उघडतेस?" विकी म्हणाला. "खाली दवाखान्यात डॉक्टरीणबाई थांबल्यात. सही कर, चल."

"बघून करते."

"मी बसवलंय गं."

"म्हणूनच बघते."

विकीचा, तिच्या नवऱ्याचा, हात या कामात असा बसलेला, की नुसत्या आवाजावरून तो मशीनचं दुखणं सांगायचा. पण वीजकामाचा परवाना काही हात बघून मिळत नाही. त्याला शिक्षण लागतं, परीक्षा लागते, आणि विकीने तर दहावीच्या आधीच शाळेला रामराम ठोकलेला. आजवर त्याची कामं नंदकिशोर नावाच्या ठेकेदाराच्या परवान्यावर व्हायची. नंदकिशोर घरी बसून सही ठोकायचा. इमारतीला गच्ची आहे की नाही, हेही त्याला ठाऊक नसायचं. शेवटी दर्शनाने मनावर घेतलं. लग्नाआधी तिचं आयटीआय झालेलंच होतं. दुकानाच्या काउंटरवर बसून अभ्यास केला, परीक्षा दिली आणि पास होऊन दाखवलं. विकी अख्ख्या चाळीत सांगत सुटला, आता आपला घरचा परवाना. त्या परवान्याची बाई खरंच शिडी चढून वर येईल, हे मात्र त्याने धरलं नव्हतं.

"विकी, इकडे ये."

तो वाकला. अर्थिंगची हिरवी तार सोललेली होती, वाकवलेलीही होती, पण जोडलेली नव्हती. बिघाड झाला असता तर एसीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याची वाट लागली असती.

विकीचा चेहरा उतरला. मग तो हसला.

"मुद्दाम ठेवली होती. म्हटलं, बघू मॅडमना दिसते का."

मुद्दाम ठेवणाऱ्याला स्क्रू कुठे आहे ते माहीत असतं. विकी मात्र खिसे चाचपत होता. दर्शनाला त्याचा राग आला, आणि त्याची कीवही आली.

"दिसली ना? मग आवळ आता."

पिशवीच्या तळाशी स्क्रू सापडला. त्याने तार आवळली. तिने मीटर लावून पाहिला, बाकीचं सगळं पुन्हा तपासलं. बाकी काम झकास होतं. खाली येऊन तिने तपासणीच्या कागदावर ठसठशीत सही केली.

रस्त्यावर आल्यावर विकीने स्कूटरला चावी लावली, पण चालू केली नाही.

"मुद्दाम नव्हती ठेवली," तो म्हणाला.

"माहितीये."

"मध्येच फोन आला. मग राहिलीच."

"होतं रे असं."

"होतं ना? तेच म्हणतोय." तो समोरच्या बसकडे बघत राहिला. "नंदकिशोरच्या वेळी वर कोणीच यायचं नाही, दर्शना."

दर्शना स्कूटरला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मुलुंडला एक पाळणाघर आहे. त्यांना बाल्कनीत एसीचं बाहेरचं मशीन बसवून दिलंय, खालीच, जमिनीलगत. पोरं तिथेच खेळतात."

"आत्ता असतील पोरं?"

"असतील."

दर्शना मागे बसली, मीटरची पिशवी तिने मांडीवर घेतली.

"आधी फोन लाव. आपण येईपर्यंत मशीन बंद ठेवायला सांग, आणि पोरांना आत घ्यायला."

विकीने नंबर शोधला. अंगठा तसाच अधांतरी राहिला.

"काय झालंय विचारलं तर काय सांगू?"

"खरं सांग. बघायचं राहिलंय म्हणावं."