राणीचा गुडघा

आमच्या गावच्या संग्रहालयाची उन्हाळी जत्रा आली की केल्टांची, म्हणजे इथं अडीच हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या लोकांची, राणी मीच व्हायची. खालच्या दालनात काचेच्या पेटीत राणीची हाडं आहेत. तिच्या सोन्याच्या कड्याची नक्कल माझ्या गळ्यात पडायची आणि अख्खं गाव माझ्यामागून चालायचं. यंदा संचालिका रीथबाईंनी राणी केलं मिर्यामला, बेकरीवाल्याच्या पोरीला. आणि मला काय दिलं, तर दगडावर धान्य भरडायला!

"वालबुर्गाबाई, पेटीच्या पाटीवरच लिहिलंय, राणीचं वय वीस," त्या म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं काय पाटी वाचता येत नव्हती तुम्हाला?" मी म्हटलं.

तालमीला मिर्याम आली, "काकू, एवढी पिन लावून द्या ना." तिच्या मानेवर ते कडं असं शोभत होतं की माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पिन टोचली तिला. मुद्दाम टोचली.

घरी नवरा, गेबहार्ट, म्हणाला, "सोड ना आता. जेव आधी."

"तुला काय जातंय सोड म्हणायला? तुझ्यामागून कधी गाव चाललंय?"

दुसऱ्या दिवशी तणतणत संग्रहालयात गेले, थेट त्या राणीलाच जाब विचारायला. पायऱ्या उतरताना गुडघा ठणकला. पेटीपाशी रीथबाई जुनी पाटी काढून नवी लावत होत्या.

"हाडं पुन्हा तपासली," त्या ओशाळून म्हणाल्या. "चूक झाली होती आमची. ही बाई साठीची निघाली. दात पडलेले, गुडघा झिजलेला. लंगडत असणार बिचारी."

मला उकळ्याच फुटल्या. "अरेरे! मग आता मिर्यामचं कसं व्हायचं?"

रीथबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पायाकडे. "तुम्हीच व्हा राणी. आणि हो, आत्ता आलात ना, अगदी तश्शाच चाला."

जत्रेत कडं माझ्या गळ्यात होतं. पोरंटोरं ओरडली, "म्हातारी राणी आली, म्हातारी राणी!" मी मान ताठ ठेवून चालत राहिले. चौकात वळून पाहिलं तर मागे चार पोरं आणि एक कुत्रं. बाकीचं गाव मिर्यामभोवती. ती बाह्या खांद्यापर्यंत सारून धान्य भरडत होती, गालाला पीठ लागलेलं. झाडून सगळे बाप्ये ते भरडणं बघत उभे होते, जन्मात कधी पीठ पाहिलं नसल्यासारखे. पहिल्या रांगेत, बिअरचा ग्लास धरून, आमचा गेबहार्ट.

मला तो दगड परत हवा होता.