वीतभर तार आणि बिनतारी घंटा

मी एक तार बोलतेय. तांब्याची, वीतभरही लांब नसलेली. घराचं वायरिंग बदललं तेव्हा उरलेल्या तुकड्यांत मी होते. पुढे बटणांच्या डब्यात पडून राहिले. तिथे हुक होते, काजाचा दोरा होता, पण त्यांच्याशी माझं फारसं जमलं नाही.

घरात दोघी शिवणकाम करणाऱ्या, सासू आणि सून. सासूबाईंनी सुनेला कात्री धरायला शिकवलं आणि शिकवताना तिचं डोकंही भरपूर खाल्लं. मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. दिवसभर कुणाला ना कुणाला बोल लावणाऱ्या बाईच्या तोंडून नुसतं 'अं अं' निघू लागलं. सून रोज बसून त्यांच्याकडून एकेक शब्द म्हणवून घेई. तो काही केल्या उमटत नसे.

सुनेचं मशीन मागच्या खोलीत. तिने बिनतारी घंटा आणली. रिमोट सासूबाईंच्या उशाशी, घंटेची डबी मशीनशेजारी. पण मध्ये दोन जाड भिंती. एकदा सासूबाई रिमोट दाबत राहिल्या, घंटा वाजलीच नाही. शेवटी त्या स्वतःच उठायला गेल्या आणि पडल्या.

नणंद धावत आली. म्हणाली, "वहिनी, तुझ्यावर राग नाही गं. पण पुन्हा असं झालं तर आईला मी माझ्याकडे नेणार."

सासूबाईंनी डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. सुनेलाही त्यांना सोडायचं नव्हतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने उपाय सांगितला. "डबीला अँटेना लावा. तांब्याची सरळ तार, सतरा सेंटिमीटर." बिनतारी म्हणवणाऱ्या घंटेलाही शेवटी तार लागलीच! मला जरा बरं वाटलं.

सुनेने मला टेपने मोजलं, दोन बोटं जास्त ठेवून कापलं आणि डबीला जोडलं. घंटा कधी वाजे, कधी नाही. तिने डबी उचलून रेडिओवाल्याकडे नेली.

"ताई, ही एवढी लांब का?"

"माया ठेवलीय. कमी पडली तर?"

तो हसला. "शिवणीसाठी माया कपड्याला सोडा हो. अँटेना नेमकी लागते."

कापताना माया सोडायची, हे सासूबाईंनी दिलेलं बाळकडू. सुनेचा हात जरा अडखळला, मग तिने माझं टोक कचकन कापलं. दुखलं. पण घंटा खणखणीत वाजली.

रिमोट हाती आला की माणसं राजासारखी वागतात. सासूबाई पाण्यासाठी दाबत, उशीसाठी दाबत, आणि पुष्कळदा काहीच नको असताना दाबत. सून मशीन थांबवून येई, उभी राही, परत जाई.

मग नणंद पुन्हा आली, आईला न्यायचं की नाही ते ठरवायलाच. मागच्या खोलीत दोघी बोलत होत्या. मी ताठ उभी होते, पण माझ्यापर्यंत काही आलं नाही. रिमोटमधला सेल संपला होता. पलीकडे सासूबाई बटण दाबत होत्या, दाबत होत्या.

आणि ज्या भिंतींनी घंटेला दाद दिली नव्हती, त्या ओलांडून आवाज आला.

"बहिरी झालीस का गं?"

सुनेच्या हातातलं कापड खाली पडलं. ती रडत, हसत धावली. नणंद दारातच थबकली. "आई बोलली?" मग डोळे पुसत म्हणाली, "आता हिला कशाला नेऊ? रोज बोलणी मला खावी लागतील."

तो निरोप काही माझ्यातून गेला नाही. मी अजून डबीवर उभी आहे, अंगावर दोऱ्यांची धूळ बसलीय. सेल बदलायचं कुणाच्याच ध्यानात नाही. सकाळपासून सुरू असतं, "अगं ए, चहा कुठाय?"

माझी विनंती एवढीच, सेल नका बदलू.