भाव चढला की

अमली पदार्थविरोधी पथकातल्या इन्स्पेक्टरबाई त्या संध्याकाळी हवेत तरंगतच घरी आल्या. पावडरीचा मोठा साठा पकडला होता आणि बाजारात भाव दुप्पट झाला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती. घरात बघतात तर आई मिक्सर उचलून शेजारणीकडे निघालेली!

"टीव्हीवर तुझा पराक्रम पाहिला," आई म्हणाली. "म्हणजे आता घरातलं काहीतरी जाणार. मागच्या छाप्याला इस्त्री गेली, त्याच्या आधी न्हाणीतला नळ."

नळ! धाकट्या भावाला पावडरीचं व्यसन आहे हे बाईंना ठाऊक होतं, पण आपला छापा आणि घरातला नळ यांचा संबंध कधी डोक्यात आला नव्हता. गावभरचे चोर हुडकणारी नजर घरात आली की अशी अधू होते.

खरं तर राग यायचा, पण आलं कुतूहल. त्या सरळ भावाच्या खोलीत जाऊन बसल्या.

"महाग झाली तर कमी घ्यावी ना रे?"

"मीठ महागलं तर तू अळणी जेवतेस का, ताई?" तो हसला. "हौसेखातर घेणारी पोरं सोडतात, तेवढं तुमचं पुण्य. मला मात्र लागते तेवढी लागतेच. पैसे दुप्पट पडतात, मग घरातलं उचलतो. घरातलं संपलं की लोकांचं."

"आणि विकणारे?"

"जे तुमच्या हाती लागले नाहीत, त्यांची चांदी. माल थोडा, गल्ला मोठा."

बाई ऐकतच राहिल्या. इतकी वर्षं भाव चढला की आपण जिंकलो, असंच त्या धरून चालल्या होत्या. उद्या हा कुणाच्या घरात शिरला तर बेड्या घालायला आपणच जायचं! मग नोकरीत कधी केली नव्हती ती गोष्ट त्यांनी केली.

"परवा नाक्यावरच्या गोदामावर छापा आहे. भाव आणखी चढेल. त्याआधी व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात भरती हो. मी येते सोबत."

"उद्या दुपारी चालेल?"

आणि खरोखर आला की पठ्ठ्या, पिशवी भरून! भरतीच्या कागदावर त्यानं सही केली तेव्हा बाईंना रडू फुटलं.

पथक छाप्याला गेलं तर गोदाम झाडून-पुसून लख्ख. "आपल्यातला घरभेदी कोण?" साहेब कडाडले. बाईंची कानशिलं तापली. त्या तडक दवाखान्यात गेल्या.

भाऊ पांघरुणात कुडकुडत होता.

"तू सांगितलंस त्यांना?"

"इथे यायच्या आधी शेवटची एकदा हवी होती, ताई. खिशात दमडी नव्हती. छाप्याची खबर दिली, त्यांनी पुडी दिली." त्यानं त्यांचा हात घट्ट धरला. "पण या वेळी घरातलं काही म्हणजे काही विकलं नाही मी."

आणि त्याला ते अगदी मनापासून खरं वाटत होतं.