चिंचेच्या ढोलीतला पिंगळा

शिवगंगा बागेत पिंगळा राहतो, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं आणि फसले. रघुराम म्हणाला, "कबूतर असेल." घरी मराठी बोलणारे वर्गात आम्ही दोघंच, त्यामुळे आमची भांडणं मराठीत होतात आणि बाकीची तमिळ मुलं नुसती मजा बघतात. निसर्गमंडळाची एकुलती एक दुर्बीण माझ्याकडे असायची. कमलाक्षी टीचरनी निकाल देऊन टाकला: शनिवारी पिंगळा दिसला नाही, तर दुर्बीण रघुरामकडे.

शनिवारी सकाळी सातपासून आम्ही बाराजण जुन्या चिंचेसमोर दबा धरून बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. खारी दिसल्या, तळ्यावर खंड्या दिसला, एक मुंगूस तर अगदी पायांजवळून गेलं! ढोलीतून मात्र कुणीच डोकावलं नाही. अकरा वाजले तसा माझा जीव रडकुंडीला आला. टीचरनी खुणेनंच डबे उघडायला सांगितलं.

आमच्या घरी कावळ्याला घास घातल्याशिवाय कुणी जेवत नाही. हे काम लहानपणापासून माझं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हात मात्र सवयीनं चालले. दहीभाताचा पहिला घास झाकणावर ठेवला आणि मी खणखणीत हाक मारली, "का! का!"

टीचरनी कपाळावर हात मारला. रघुराम तर तोंडच वासून बसला.

सहा-सात कावळे आले. त्यातला एक चिंचेवर टेकला, ढोलीत डोकावला आणि त्यानं असा काही कालवा केला, की भात सोडून सगळे तिकडे धावले. आतून ठिपक्याठिपक्यांचा एक करडा गोळा भर्रकन बाहेर आला. केवढाले पिवळे डोळे!

"आंदै! आंदै!" घुबडाचं तमिळ नाव घेत सगळे नाचू लागले. मीही टणाटण उड्या मारत होते. "बघ रे, कबूतर म्हणे!"

"ते मारतील की गे त्यास!" रघुराम ओरडला.

पिंगळा फांदीच्या बेचक्यात अंग चोरून बसला होता आणि कावळे त्याला टोचत होते. माझा आनंद कुठल्या कुठे गेला. हे मीच करून ठेवलं होतं. डबा घेऊन मी कुंपणापर्यंत धावले, सगळा भात तिथं उधळला आणि घसा फुटेस्तोवर "का! का!" करत सुटले. रघुरामही शेजारी येऊन ओरडू लागला. एकेक करत कावळे वळले. पिंगळा सुळकन ढोलीत शिरला, आणि टीचरसकट सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग टीचरनी नोंदवही पुढे केली. 'प्रथम कोणी पाहिलं?' या रकान्यावर माझं पेन अडलं. मी लिहिलं, 'कावळ्यांनी.' आणि दुर्बीण रघुरामपुढे धरली.

त्यानं ती बाजूला ठेवली. आपल्या डब्यातला अर्धा चिंचभात माझ्या रिकाम्या डब्यात ओतला आणि म्हणाला, "कावळे जेवले. आता तू जेव गे."