लूपलाइनचा स्विच

आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मी पोरांना वायरिंग शिकवलं. पण खेळण्यातल्या रुळांना स्विच बसवायची वेळ आली तेव्हा माझीसुद्धा चांगलीच जिरली.

रूळ आमच्या ह्यांचे, सोमलिंगांचे. ते रेल्वेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर माडीवरच्या टेबलावर त्यांनी छोटं मोडनिंब स्टेशन मांडलं, दोन इंजिनांसकट. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. मी बोलबोल बोलले, ते नुसते बघत राहिले. मला ओळखतात तरी का, तेही कळेना. भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते.

टेबलावरची अडचण अशी, की नॉब फिरवला की सगळ्या रुळांना करंट जायचा आणि दोन्ही इंजिनं एकदम पळायची. पूर्वी ते एक उचलून ठेवायचे. पण ती बारीक चाकं परत रुळांवर बसवायला दोन हात लागतात. म्हणून मी लूपलाइनचा, म्हणजे मेन लाइनीशेजारच्या फाट्याचा, एक रूळ दोन्ही टोकांना करवतीनं कापला आणि त्या तुकड्याची वायर वेगळ्या स्विचमधून घेतली. मेन लाइनचंही तसंच केलं. स्विच खाली केला की त्या लाइनीला करंट, आणि तिच्या स्टार्टरला, म्हणजे गाडी सोडायच्या सिग्नलला, हिरवा दिवा. स्विचांचा बोर्ड त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

रविवारी सकाळी त्यांना टेबलापुढं खुर्चीत बसवलं. त्यांनी मेनचा स्विच बंद केला, लूपचा चालू केला. हिरवा लागला. नॉबवर हात ठेवला आणि तसेच थांबले.

"फिरवा की!"

ढिम्म. मला वाटलं, कुठंतरी जोड सुटलाय. मीटर लावून टेबलाखालचे सगळे जोड तीनदा तपासले. सगळे पक्के.

"अवो, आता काय मुहूर्त काढायचा हाय काय?" मी ओरडले.

त्यांनी बोटानं सिग्नल दाखवला, मग मला. पुन्हा सिग्नल, पुन्हा मी.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी हलवण्याआधी असिस्टंटनं सिग्नल मोठ्यांदा सांगायचा आणि ड्रायव्हरनं तो परत म्हणायचा, असा रेल्वेचा नियम. छत्तीस वर्षं ते त्याशिवाय हलले नव्हते, आणि मी बाई टेबलाखाली शिरून वायरी ओढत बसले होते.

मी शेजारी उभी राहिले. "स्टार्टर ग्रीन!"

त्यांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

"ग्री... न."

नॉब फिरला. लूपमधली गाडी निघाली, मेनवरची जागच्या जागी उभी राहिली. माझा कानांवर विश्वास बसेना. गाडी फेरी मारून परत लूपमध्ये थांबली, तेव्हा दिवा हिरवाच असताना मी मुद्दाम म्हटलं, "स्टार्टर रेड!"

त्यांनी नॉबवरचा हात काढला. नवशिक्या असिस्टंटकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"ग्रीन हाय... सिद्धे."

पोरांची मी आई, गल्लीतल्यांची मॅडम. सिद्धेश्वरीचं सिद्धे करणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्यावर चिडला होता.