लाल धाग्याचा नियम

आमच्या इस्पितळात रोगी सुखी आहेत की नाहीत, हे कुणी कधी विचारलं नाही. पण कर्मचारी सुखी आहेत की नाहीत, याची मोठ्या साहेबांना एकाएकी फार काळजी लागली. आता साहेबांना काळजी लागली म्हणजे ती त्यांनी स्वतः थोडीच करायची? त्यासाठी एक माणूस नेमलं. दारावर पाटी लागली : आनंद अधिकारी. वयाने आमच्या लेकीसारखी, पांढरेशुभ्र बूट, आणि चेहऱ्यावरचं हसू असं, की सकाळी इस्त्री करून चढवलं असावं. पहिल्याच दिवशी आम्ही तिला आनंदबाई करून टाकलं.

आम्ही म्हणजे रफूखोलीतल्या तिघी. फाटक्या चादरी, उसवलेले झगे, उशांचे अभ्रे, सगळं आमच्याकडे येतं. सगळ्यात ज्येष्ठ आक्का, एकतीस वर्षं याच खोलीत. मग मी. मग धाकटी, जिच्या लग्नाला सहा महिने झालेत आणि जी फोनवर सासूला ‘हो आई, हो आई’ म्हणताना कात्री जरा जोरात चालवते.

खोलीचं वैभव एकच, भिंतभर खिडकी. आक्कांची साठी जवळ आली, तरी त्या उजेडात पहिल्या झटक्यात सुई ओवायच्या. ट्यूबलाइटखाली मात्र पांढऱ्या कापडावर पांढरा धागा त्यांना दिसत नाही. हे आम्हा तिघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, तोवर ठाऊक होऊही द्यायचं नव्हतं.

आमचा एक नियम आहे, आक्कांनीच घातलेला. चादर फाटली की वॉर्डातल्या नर्सने भोकाशेजारी लाल धागा बांधायचा. गठ्ठा आला की आम्ही लाल तेवढं शोधतो, रफू करतो, धागा काढतो. धड कापडाकडे कोण बघत बसतंय?

तर आनंदबाईंनी सभा घेतली. आक्का आल्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या खोलीतली हिरवी कापडं तातडीची होती. सभेत कळलं की प्रत्येक विभागाच्या दाराशी एक यंत्र बसणार. त्यावर पाच चेहरे. खदखदून हसणाऱ्याला पाच गुण, रडक्याला एक. घरी जाताना प्रत्येकाने एक दाबायचा. महिनाअखेर ज्या विभागाचा आनंद सगळ्यात कमी, त्याची खोली घेऊन तिथे ‘आनंद कक्ष’ करणार.

“म्हणजे जे दुःखी, त्यांचीच खोली काढून घेणार?” मी विचारलं.

“त्यांनाच आनंदाची जास्त गरज असते ना, ताई!” आनंदबाई म्हणाल्या.

धाकटीने खोलीत येऊन आक्कांना थोडक्यात सांगितलं, “रोज जाताना दिवसाचं बटण दाबायचं. आपली खोली त्या यंत्रावर अवलंबून आहे, आक्का. विसरायचं नाही.”

“विसरेन कशी?” आक्का म्हणाल्या, आणि खरंच एकही दिवस विसरल्या नाहीत.

तो महिना मी रोज खदखदून हसले. लेकीशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं त्या दिवशीही हसले, दाढ काढली त्या दिवशी सुजल्या गालाने हसले. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर त्याने वर्तमानपत्र खाली करून विचारलं, “तू सुखी आहेस का गं?” सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, “आधी भांडी आवर, मग सांगते.” वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

महिना संपला. शवागाराला पाचपैकी पाच. रफूखोली सगळ्यात खाली.

आनंदबाई आलेख घेऊन आल्या. “तिघींपैकी कुणीतरी रोज, न चुकता, रडका चेहरा दाबलाय.”

मी धाकटीकडे बघितलं. धाकटी माझ्याकडे. “माझ्याकडे काय बघताय? सासू आहे म्हणून काय रडकी ठरले?” ती फणकारली.

“मी दाबला,” आक्का म्हणाल्या. सुई थांबलीसुद्धा नाही.

आनंदबाईंनी शिकवल्यासारखा आवाज खाली आणला. “आक्का, तुम्हाला कसलं दुःख आहे?”

“मला? छे हो. मला कसलं आलंय दुःख? पहिल्या दिवशी बारा नंबरच्या खाटेची चादर होती. कडेला मुठीत धरून धरून चिरलेली. म्हटलं, बाई फार सोसतेय. तिचं दाबलं. मग एका झग्याचं. मग हिची दाढ दुखत होती, तिचं. रोज कुठे ना कुठे काहीतरी फाटलेलं असतंच की.”

“पण ते यंत्र तुमच्या आनंदासाठी होतं!”

“धड आहे ते कशाला दाखवायचं?” आक्कांना खरोखरच कळेना. “फाटलेलं दाखवायचं. म्हटलं, खोली टिकवायची तर रोज दाखवलंच पाहिजे. फाटकं काहीच नाही म्हटलं, तर रफूवाल्यांना खोली ठेवतील कशाला?”

आनंदबाईंच्या हसण्याचा एक कोपरा सुटला. पण आलेख साहेबांकडे गेला होता, आणि साहेबांचा आलेखावर फार जीव.

आठवड्यात आम्ही तळघरात. वर आमच्या खोलीला पिवळा रंग लागला, बसलं की आत जाणाऱ्या मऊ गोळ्यांसारख्या गाद्या आल्या, भिंतीवर ‘हसा!’ आलं, उद्गारचिन्हासकट.

तळघरात दोन ट्यूबलाइट, त्यातली एक डोळा मारणारी. आक्का सुई ओवायला पाच मिनिटं घेऊ लागल्या. टाके वेडेवाकडे पडायचे, कापड गोळा व्हायचं. एक चादर वॉर्डातून परत आली, वर चिठ्ठी : हे कुणी केलं? त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी आक्कांचे टाके उसवून पुन्हा घालू लागले. त्यांना दिसणार नाही याची काळजी घ्यायची गरजच नव्हती, तेवढी एक सोय होती.

चौथ्या दिवशी त्यांनी चादरीवरून हात फिरवला. “हे माझे टाके नाहीत.”

“तुम्हाला कसं दिसलं?”

“दिसत नाही गं. बोटांना कळतं.” मग बराच वेळ घडी घालत राहिल्या. “एक कागद दे. लवकर निवृत्तीचा अर्ज लिहू या. दोन वर्षं तू माझं उसवणार आणि मी तुला उसवू देणार, हे काही खरं नाही.”

मी कागद शोधण्यात जमेल तेवढा उशीर लावला. ‘माननीय साहेब’ एवढं लिहून झालं, तोच जिन्यावर पांढरे बूट वाजले.

आनंदबाई एका उलट्या बादलीवर बसल्या. हसू नव्हतं. “आनंद कक्षात कुणी येत नाही,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांत एकही माणूस नाही.”

येईल कोण? आत शिरताना कुणी बघितलं, तर हा दुःखी आहे हे सगळ्या इस्पितळाला कळणार. मग त्याची खोली जायची!

“सोमवारी अहवाल द्यायचाय. उपस्थिती शून्य दिसली, तर साहेब मलाच काढतील. तुम्ही तिघी वर येऊन बसाल? नुसतं बसायचं. वाटलं तर काम घेऊन.”

धाकटीने ओठ चावून हसू दाबलं. मी अर्जाचा कागद घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.

“येऊ की,” आक्का म्हणाल्या. “पण शिलाई मशीन खिडकीशी हवी.”

अहवालात नोंद झाली : उपक्रम, हस्तकला. उपस्थिती, रोज तीन. साहेबांनी म्हणे शाबासकी दिली. मऊ गाद्यांवर चादरींचे गठ्ठे छान बसतात. त्यांच्यासाठीच केल्या असाव्यात. ‘हसा!’ तसंच आहे, खाली आम्ही टाके घालतो. आक्कांची सुई पहिल्या झटक्यात ओवली जाते.

परवा संध्याकाळी निघताना आनंदबाई यंत्रापाशी उभ्या होत्या. आक्कांनी सवयीने रडका चेहरा दाबला.

“आज कुणाचं, आक्का?”

“तुमच्या कोटाचं. डावा खिसा आतून गेलाय. रोज हात खुपसून मुठी वळता त्यात. उद्या आणा, दोन मिनिटांचं काम आहे.”

आनंदबाईंनी खिशात हात घातला, भोक चाचपलं. मग त्यांनी व्हरांड्यात दोन्हीकडे बघून घेतलं आणि पटकन रडका चेहरा दाबला.

तोंडावरची इस्त्री पार मोडली होती. पोर बरी दिसत होती.