शेपटीतला उलटा प्रवाह

उद्या बाईंचं निरोपाचं व्याख्यान, आणि पोरीने आज एक गाढवपणा करून ठेवला होता. तोही प्रेमापोटी, म्हणजे निस्तरायला सर्वांत अवघड.

पोरगी ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. बाई जिभेने तिखट, पण ती तापाने फणफणली तेव्हा तिच्या उशाशी बसून तिचाच प्रबंध तपासत होत्या.

सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र मागे ताणलं जातं आणि त्याची लांबलचक शेपटी होते. ताण फार झाला की ती कुठेतरी तुटते आणि तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, दोन्ही बाजूंना सुसाट सुटतो. तुटण्याची जागा खूप दूर असते, हे बाईंचं जन्मभराचं म्हणणं. म्हणजे शेपटीत फिरणाऱ्या त्यांच्या यानापाशी प्लाझ्मा ग्रहाकडेच धावत यायला हवा.

यानाची नवी मोजमापं आली, तर प्लाझ्मा चक्क ग्रहाकडे पाठ करून पळत होता. शेपटी यानाच्या अलीकडेच, ग्रहाजवळ तुटली होती. बाईंच्या सगळ्या कामावर पाणी फिरणार! भर सभेत त्यांना हा आलेख दाखवायला लावायचं? पोरीचं मन धजेना. तिने वेगाच्या आकड्यांचं अधिक-उणे चिन्ह बदललं आणि आलेख गुपचूप बाईंच्या टेबलावर ठेवला.

दुपारी हाक आली. बाईंचा चष्मा कपाळावर चढला होता, म्हणजे आता खैर नव्हती.

"प्लाझ्मा वळवलास. चुंबकीय क्षेत्र कुणी वळवायचं, मी? शेपटी दूर तुटली तर इथे क्षेत्राची दिशा उत्तरेकडे हवी. तुझ्या आलेखात ती दक्षिणेकडेच आहे. लबाडी करायची तर नीट तरी करावी!"

पोरगी रडायलाच लागली. "बाई, उद्या तुमचा दिवस आहे. मला नाही बघवलं."

"पुन्हा आकड्यांना हात लावलास तर तंगडं मोडीन."

मग त्यांनी खरा आलेख मागून घेतला. त्या एकदम थकलेल्या दिसल्या, आणि पोरीला त्यांना घट्ट मिठी मारावीशी वाटली. धीर मात्र झाला नाही.

बाई उठल्या. पोरीला दंडाला धरून त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः विद्यार्थ्यांच्या डुगडुगत्या स्टुलावर बसल्या.

"हं, डोळे पूस. आता मला समजावून सांग, माझं कुठे चुकलं. सावकाश सांग. उद्या मला तेच सांगायचंय."